शेणाचा पैरा

आमच्या घरातली चूल 1987 च्या उन्हाळ्यात बंद झाली. बंद म्हणजे अगदी मोडून टाकली असं नाही. न्हाणीतली चूल राहिली, परड्यातली दगडाची चूल राहिली. पण स्वयंपाकघरातली, जिच्यासमोर बसून आईनं तीस-बत्तीस वर्षं भाकरी थापल्या, ती त्या वर्षी विझली. ग्रामपंचायतीच्या दप्तरात आमच्या गावाचा इतिहास शोधला तर वीज कधी आली, डांबरी रस्ता कधी झाला, पाण्याची टाकी कुणाच्या कारकिर्दीत बांधली हे सगळं सापडतं. कुणाच्या घरातला धूर कधी गेला याची नोंद मात्र नाही. ती नोंद माझ्याजवळच्या दोन वह्यांत आहे. एक वही 1984 ची आणि दुसरी 1987 पासूनची. त्या दोन वह्यांवरून जेवढं सांगता येईल तेवढं सांगतो.

आमचं गाव कोल्हापूरच्या पश्चिमेला, भोगावतीच्या काठाकडचं. पाऊस दणकून. उन्हाळ्यात बायका परड्यात शेणी थापायच्या, वाळल्या की त्यांचा हुडवा रचून वर उसाचा पाला घालायच्या. आषाढ-श्रावणात तो हुडवा आतूनसुद्धा दमट व्हायचा. मग फुंकणीनं फुंकून फुंकून बायकांचा जीव जायचा. आईचे डोळे पावसाळाभर लाल असायचे. खोकला तर तिचा कायमचाच. आम्हा पोरांना वाटायचं की आई म्हणजे अशीच असते, खोकणारी. जनावरांचं शेण चुलीत जातं आणि रानाला खत कमी पडतं, हे आबांना कळत होतं. पण दुसरं जाळायला काय होतं? लाकूड डोंगरातून आणायचं तर सगळा दिवस जायचा. रॉकेल रेशनच्या दुकानात रांग लावून मिळायचं, ते दिव्यालाच पुरायचं नाही.

शेणापासून पेटणारा वायू निघतो ही गोष्ट काही नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मैल्यापासून वायू धरून दिवे लावले होते. 1939 साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. पन्नासच्या दशकात जशभाई पटेल यांनी ‘ग्रामलक्ष्मी’ नावाची टाकी तयार केली. खाली विटांची विहीर आणि वर पालथं घातलेलं लोखंडी पिंप, असा तो नमुना. वायू भरला की पिंप वर उचलतं, वापरला की खाली बसतं. पुढं खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं साठच्या दशकात तोच नमुना देशभर नेला. पण हे सगळं आमच्या गावात पोचायला आणखी पंधरा-सोळा वर्षं लागली.

गावात पहिली टाकी झाली ती 1979 ला, एका मोठ्या बागायतदाराच्या वाड्यामागं. पिंप ट्रकमधून आलं. ते उतरवायला तालमीतली बारा पोरं लागली, त्यात मीही होतो. दहावी होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पुढं शिकण्याजोगी घरची परिस्थिती नव्हती, त्यामुळं असल्या कामाला मी कायम पुढं. दीड महिन्यानं त्यांच्याकडं निळा जाळ पेटला. गल्लीतल्या बायका तो बघायला गेल्या, त्यात आईपण गेली. परत आल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. संध्याकाळी धार काढताना म्हणाली, “त्ये शेणाचंच हाय म्हणं. मग आपल्यात काय शेण न्हाय व्हय?”

शेण होतं, पैसा नव्हता. लोखंडी पिंपाची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची. शिवाय त्या पिंपाला दरवर्षी रंग द्यावा लागतो. शेणाच्या वायूत थोडा गंधकाचा अंश असतो, कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. तो लोखंड खातो. बागायतदारांनी दोन वर्षं रंग दिला, मग राहिला. सहाव्या वर्षी पिंपाला भोकं पडली. नंतर ते पिंप त्यांच्या गोठ्यात वैरण भिजवायला होतं, आम्ही सगळ्यांनी बघितलंय.

1981-82 पासून सरकारनं बायोगॅसचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला आणि अनुदान मिळायला लागलं. त्याच सुमाराला आमच्या गावात एका योजनेतून सार्वजनिक गोबर गॅस मंजूर झाला. कल्पना चांगली होती. एकट्याला परवडत नाही तर बावीस घरांनी मिळून एक मोठी टाकी करायची, नळीनं घरोघर गॅस न्यायचा. गावठाणाच्या कडेला जागा ठरली. शेण मोजून घ्यायला आणि हिशेब लिहायला माणूस पाहिजे होता. दहावी झालेला, रिकामा आणि अक्षर बरं असलेला म्हणून ते काम माझ्याकडं आलं. माझी पहिली वही ती. महिना थोडा पगार ठरला होता.

टाकी पंचवीस घनमीटरची होती. एक घनमीटर गॅसला रोज पंचवीस किलोच्या आसपास ताजं शेण लागतं, म्हणजे आम्हाला रोज सव्वासहाशे किलो पाहिजे होतं. पाहणी करायला आलेल्या साहेबांनी घरोघरची जनावरं मोजली. सत्तर निघाली. एका जनावराचं दिवसाला दहा किलो धरलं तर सातशे किलो. कागदावर सगळं बसलं. पण जनावर दिवसभर गोठ्यात नसतं, हे कागदावर नव्हतं. बैल नांगराला जातात, गाई-म्हशी गायरानात आणि नदीकाठाला चरतात. त्यांचं निम्मं शेण तिकडंच पडतं. गोठ्यात सापडतं ते रात्रीचं. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात एकाही दिवशी चारशे किलोच्या वर आकडा गेलेला नाही. बैल सुगीत रानात मुक्कामाला गेले की तो अडीचशेवर यायचा.

गॅस कमी पडायला लागला आणि भांडणं सुरू झाली. टाकीजवळच्या घरांत जाळ जोरात, टोकाच्या घरांत नुसतं फुरफुर. जवळची घरं आंघोळीचं पाणी तापवतात, असा टोकाच्या घरांचा आरोप. तो खराही होता. बायकांचं दुखणं वेगळंच होतं. शेणी थापायच्या तर ते काम परड्यात, आपल्या दारात. आता शेणाची बुट्टी डोक्यावर घेऊन गावाच्या कडेला जा, काट्यावर मोजून दे आणि परत येताना आपल्या वाट्याची रबडी घेऊन ये. रबडी म्हणजे गॅस निघून गेल्यावर बाहेर पडणारी पातळ मळी. ती डोक्यावरून आणायची कशी? ती टाकीपाशीच साठत राहिली आणि ज्याचं रान टाकीला लागून होतं त्याचा ऊस मात्र काळाभोर झाला. त्यावरूनही दोन ग्रामसभा गाजल्या.

शेण वाढावं म्हणून कमिटीनं नियम केला. रोज किमान वीस किलो शेण देईल त्यालाच गॅस. नियम कमिटीचा, पण तो लिहिला मी आणि टाकीच्या भिंतीवर चिकटवलाही मीच.

बावीस घरांत एक घर वस्तीकडच्या एका विधवा बाईचं होतं. योजनेत काही घरं भूमिहीनांची घेतली पाहिजेत, अशी अट होती म्हणून ते आलेलं. तिच्याकडं जनावर नव्हतं. एक शेळी होती. ती पहाटे उठून रस्त्यावर, नदीच्या उतारावर, गायरानात पडलेलं शेण गोळा करायची. आमच्या गावात रस्त्यावरचं शेण जो उचलेल त्याचं, असा रिवाज पिढ्यान्पिढ्या होता. नियम लागला त्या दिवशी तिनं बुट्टी आणून काट्यावर ठेवली. चार किलो भरलं. मी म्हणालो, “मावशी, वीस किलो लागतंय. नियम झालाय.” ती भिंतीवरच्या कागदाकडं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. मग म्हणाली, “एवढंच गावलं बग लेकरा.” मी वहीत तिच्या नावापुढं आडवी रेघ मारली. तिनं बुट्टी उचलली आणि निघून गेली. मला त्यात काही चुकलं असं त्या वेळी वाटलं नाही. उलट हिशेब चोख ठेवतो, याचा थोडा अभिमानच होता. ती रेघ आजही वहीत आहे.

चौदा महिन्यांनी टाकी बंद पडली. शेवटचे सात महिने माझा पगार निघाला नव्हता. यंत्रात बिघाड म्हणाल तर एक नळी गंजली होती एवढाच. बाकी जे बिघडलं ते माणसांचं.

पुष्कळ वर्षांनी एका शेतकरी शिबिरात कर्नाटकातल्या पुरा गावाची हकिगत ऐकली. तुमकूर जिल्ह्यातलं हे लहानसं गाव. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अमूल्य रेड्डी यांच्या मंडळींनी तिथं सार्वजनिक टाकी बांधली होती. त्यांचाही पहिला प्रयत्न स्वयंपाकाच्या गॅसचा होता आणि तोही आमच्यासारखाच कमी पडला. पण त्यांनी टाकी सोडून दिली नाही. गावाला आधी काय पाहिजे ते बघितलं. पाहिजे होतं पाणी आणि दिवे. मग 1987 पासून त्या गॅसवर इंजिन चालवून वीज केली, तिनं पाणी उपसलं आणि घरात दिवे लावले. शेण मोजून घ्यायचे, त्या प्रमाणात रबडी परत द्यायचे आणि शेण आणून देणाऱ्याला त्याचे पैसे द्यायचे. ही गोष्ट ऐकताना मी मनात आमचा काटा त्यांच्या काट्याशेजारी ठेवून बघत होतो. आमच्या काट्यावर शेण आणणाऱ्या बाईला देण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं.

सार्वजनिक टाकी बुडाल्यावर गावात गोबर गॅसचं नाव काढलं तरी लोक हसायचे. पण त्याच वेळी बाहेर दोन गोष्टी बदलल्या होत्या. उत्तर प्रदेशात अजितमलच्या केंद्रानं 1978 साली चिनी पद्धतीवरून ‘जनता’ नावाचा नमुना काढला होता. त्यात लोखंडी पिंपच नव्हतं, वर विटांचा पक्का घुमट. मग दिल्लीच्या ॲफ्प्रो संस्थेनं 1984 साली त्यात सुधारणा करून ‘दीनबंधू’ आणला. तो आणखी स्वस्त, सगळा जमिनीखाली. गंजायला काही नाही, रंग द्यायला काही नाही. फक्त गवंडी तयार पाहिजे, कारण घुमटाला एक बारीक चीर राहिली तरी गॅस निघून जातो. आमच्या गावचा एक गवंडी आठवडाभराचं शिक्षण घेऊन आला होता.

दुसरी गोष्ट दुधाची. गावात दूध संस्था निघून स्थिरावली होती. म्हशी वाढल्या होत्या आणि त्या गोठ्यात बांधून वैरण घालून सांभाळायची रीत पडत चालली होती. त्यामुळं शेण गोठ्यातच मिळायला लागलं. अनुदान वजा जाता राहिलेलं कर्ज दुधाच्या बिलातून दर दहा दिवसांनी कापून घ्यायचं, असं संस्थेनं ठरवलं. एकरकमी पैसे काढायची वेळ गेली. आबांनी पहिल्यांदाच मान हलवली.

1987 च्या जानेवारीत परड्यात खड्डा घेतला. दोन घनमीटरची टाकी. आमच्याकडं दोन बैल, दोन म्हशी आणि एक रेडी होती, म्हणजे रोजचं पन्नास किलो शेण कसंबसं निघत होतं. गवंड्यानं विटा उभ्या लावत, खाली कसला आधार न देता घुमट मिटवत आणला. बघताना भीती वाटायची की आता कोसळतो. आतून तीनदा गिलावा केला, पाणी मारून पंधरा दिवस ठेवला.

आता खरी अडचण पुढं होती. टाकी पहिल्यांदा भरायला चाळीस दिवसांचं शेण एकदम लागतं. दोन घनमीटरला दोन हजार किलो, म्हणजे सव्वाशे-दीडशे बुट्ट्या. रोजचं टाकत गेलो असतो तर दीड महिना गेला असता आणि तोपर्यंत चुलीला शेणी नाहीत. तेव्हा तोड आईनं काढली. म्हणाली, “भांगलणीला पैरा करतासा, कापणीला करतासा. मग शेणाचा का न्हाय?”

पैरा म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगायला नको. आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. पैसे नाहीत, हिशेब मात्र पक्का. आईनं गल्लीतल्या आठ घरांत जाऊन विचारलं. बायकांनीच ठरवलं. आठ दिवस आठ घरांचं शेण आमच्याकडं आलं. मी दुसरी वही काढली आणि कुणाच्या किती बुट्ट्या ते लिहून ठेवलं. शेण आणि पाणी सारखं घेऊन, काडी-कचरा काढून, हातानं काला करून टाकीत सोडलं. तीन आठवड्यांनी गॅस यायला लागला. पहिला गॅस पेटवायचा नाही, सोडून द्यायचा, असं गवंड्यानं बजावलं होतं. त्यात हवा मिसळलेली असते, धोका असतो. दोनदा सोडून दिला. तिसऱ्यांदा आईनं काडी लावली. जाळाला आवाज नव्हता, धूर नव्हता. आईनं पातेलं ठेवलं आणि फुंकणी शोधायला हात पुढं केला. मग तिची तीच हसली.

त्या दिवाळीपर्यंत आठांतल्या तीन घरांनी टाक्या घेतल्या आणि आमच्या बुट्ट्या फिटायला लागल्या. दुसऱ्या गल्लीनं आपला पैरा केला. 1992 पर्यंत गावातल्या दोनशे चाळीस घरांपैकी एकसष्ट घरांत गॅस झाला. सार्वजनिक टाकीत जे जमलं नाही ते इथं जमलं. टाकी ज्याची त्याची, दारातली, रबडीही ज्याची त्याच्या उकिरड्यात. सामाईक होतं ते फक्त अडलेल्या वेळेचं काम, आणि ते आम्हाला आधीपासून येत होतं.

रानालाही फरक पडला. शेणी जाळल्यावर हाताला राख लागते. इथं गॅस निघून गेला तरी नत्र रबडीतच राहतं. शेणखतातनं रानात येणारं तणाचं बी टाकीत बरंचसं मरतं, त्यामुळं भांगलण कमी झाली. पावसाळ्यात रबडीचं काय करायचं हा प्रश्न होता. आम्ही खड्ड्यात पाचट टाकून त्यावर ती सोडायला लागलो. उन्हाळ्यापर्यंत काळं, भुसभुशीत खत तयार. आईचा खोकला गेला नाही, तो शेवटपर्यंत राहिला. पण डोळ्यांचं पाणी थांबलं.

एवढं लिहून थांबलो असतो तर ही एक चांगली यशोगाथा झाली असती. पण दुसऱ्या वहीत जे लिहिलेलं नाही ते सांगायचं राहतं.

एकसष्ट टाक्या झाल्यावर गावातलं शेण महाग झालं. गोठ्यातलं पो न् पो टाकीत जायला लागलं. जनावर पाण्यावर नेताना मागनं पोरगं बुट्टी घेऊन चालायला लागलं. रस्त्यावरचं शेण जो उचलेल त्याचं, हा रिवाज कुणी ठराव करून मोडला नाही. तो आपोआप गेला. ज्यांच्याकडं जनावर नव्हतं त्यांना टाकी नव्हतीच, आता शेणीही नव्हत्या. पैऱ्यात यायला स्वतःजवळ आधी काही असावं लागतं. ज्याच्याकडं परत फेडायला बुट्टी नाही त्याला पैऱ्यात कोण घेतो?

ती बाई आमच्या परड्यात यायची. आई तिला रोज एक बुट्टी शेण काढून ठेवायची. मला ते बरेच दिवस माहीत नव्हतं. संध्याकाळचा गॅस पुरेना म्हणून मी नळी बघितली, नळीत साठलेलं पाणी काढलं, शेवटी शेण मोजलं तर पन्नासाच्या जागी पस्तीस. आईला विचारलं तर तिनं सरळ सांगितलं. मी चिडलो. म्हणालो, “असं वाटत बसलीस तर टाकी बंद पडंल. कर्ज अजून फिटायचं हाय.” आई म्हणाली, “तिच्या चुलीला काय तू नळी जोडून देणार हाईस?” मी गप्प बसलो. त्या दिवसापासून संध्याकाळच्या भाकरी आई परड्यातल्या दगडाच्या चुलीवर करायला लागली, पाचट आणि तुरकाट्या घालून. बुट्टी बंद केली नाही. म्हणजे आमच्या घरातला सकाळचा धूर गेला तो गेला, संध्याकाळचा तिनं चार वर्षं परत घेतला. मी तो तिला घेऊ दिला.

पुढं ती बाई पोराकडं इचलकरंजीला गेली. तिकडंच वारली असं कळलं.

नंतर एक प्रश्न आला तो संडासाचा. टाकीला संडास जोडला तर गॅस थोडा वाढतो आणि त्याहून मोठं म्हणजे बायकांची अंधारात नदीकडं जायची पाळी टळते. कोकणात कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी हे काम फार आधी हाती घेतलं होतं. त्यांच्याकडून धडा घेऊन देहूच्या आरोग्य केंद्रातले डॉक्टर सुहास मापुसकर यांनी तुकोबांच्या गावात घरोघर संडास केले, मैल्यावर चालणाऱ्या टाक्या बांधल्या. त्यांना 2017 साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. देहूसारख्या वारकऱ्यांच्या गावात ते झालं, हे मी आमच्याकडं सांगायचो. लोक म्हणायचे, “त्या जाळावर नैवेद्य करायचा व्हय?” आमच्या घरात आबांचाही विरोध होता. शेवटी माझ्या बायकोनं सांगितलं की नैवेद्य चुलीवर करीन, पण पावसात रात्री मी नदीला जाणार नाही. आबा काही बोलले नाहीत आणि संडास जोडला गेला. दोन वर्षांत नैवेद्यही गॅसवरच व्हायला लागला, कुणी विषयसुद्धा काढला नाही.

2000 नंतर टाक्या मागं पडत गेल्या. ट्रॅक्टर आले, बैल गेले. पोरं शिकून कारखान्यांत, शहरांत गेली, दावण रिकामी झाली. सिलिंडर दारात यायला लागला. 2016 ला उज्ज्वला योजना आली, तेव्हा चार-दोन घरं सोडली तर सगळीकडं सिलिंडर होता. शेण कालवायला सुनांना वेळ नाही आणि आवडही नाही, त्यात त्यांचं काही चुकत नाही. टाकी दोन-तीन महिने उपाशी राहिली की आतला गाळ घट्ट होतो, मग ती साफ करायला कुणी मिळत नाही. कितीतरी टाक्यांत माती भरली गेली. एकसष्टांपैकी आज तेवीस चालू आहेत. ती बहुतेक घरं चार-पाच तरी जनावरं राखून असलेली. सिलिंडरची किंमत वाढते तशी त्यांची किंमत घरात वाढते. आता तर लोक गॅससाठी कमी आणि रबडीसाठी जास्त टाकी ठेवतात, कारण रासायनिक खताचं पोतं परवडत नाही आणि रान कडक झालंय हे दिसतंय. आपल्या देशात बायोगॅसच्या टाक्यांत महाराष्ट्र सगळ्यांत पुढं आहे, असं सांगतात. बांधलेल्या टाक्या मोजल्या तर ते खरंच आहे. चालू किती, हे ज्यानं त्यानं आपल्या गावात फिरून मोजावं.

तीन वर्षांपूर्वी एक तिशीतला पोरगा घरी आला. त्या बाईचा नातू. इचलकरंजीतला यंत्रमाग बंद पडल्यावर तो गावी परत आला होता. दोन म्हशी आणि एक गाय घेऊन दुधाचा धंदा करत होता. त्याला टाकी पाहिजे होती. खोदकाम लागत नाही अशी, हल्ली रबरी पिशवीसारखी मिळते ती. बसवणाऱ्यांनी पहिल्या भरणीचं शेण तुमचं तुम्ही आणा, म्हणून सांगितलं होतं. म्हणाला, “काका, तुम्ही पूर्वी पैरा चालवत होता म्हणं.”

मी म्हणालो, आमच्याकडनं ट्रॉली भरून ने, परत करायची गरज नाही.

तो म्हणाला, “तसं नको. लिहून ठेवा. मी फेडतो.”

मी कपाटातून दुसरी वही काढली. वीस-बावीस वर्षांत तिच्यात नवीन ओळ पडली नव्हती. त्याचं नाव लिहिलं, पुढं बुट्ट्या लिहिल्या. पहिली वहीही तिथंच शेजारी होती. तिच्यात त्याच्या आजीचं नाव आहे आणि नावापुढं माझी रेघ आहे. ती काढून त्याला दाखवावी असं वाटलं, पण दाखवली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं सगळ्या बुट्ट्या फेडल्या. वरच्या आळीतल्या एका घराला पिशवी बसवायची होती, तिथं त्यानं आमच्या नावानं शेण टाकलं आणि मला सांगून गेला. त्याची टाकी चालू आहे. थंडीत गॅस कमी येतो, कारण आतले जिवाणू गारठतात. डिसेंबर लागला की त्याचा फोन येतो, “काका, जाळ कमी झालाय, काय करू?” मी सांगतो, कोमट पाण्यात शेण कालव, वर पाचटाचं पांघरूण घाल आणि महाशिवरात्रीपर्यंत दम धर.